जर्मन गावांच्या नोटा : हामेल्नची रंगीत आणि पाच अब्जांची कळकट

गावशीव

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात एक चित्र फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. पुढे बासरीवाला, मागे पोरांची रांग, आणि रंग असे की गोष्टीच्या पुस्तकातलं पान वाटावं. खाली ओळ होती, 'जर्मनीत १९२३ साली महागाईने कहर केला तेव्हाची नोट.' मी जुन्या कागदी चलनाच्या नादी लागलोय हे ठाऊक असल्यामुळे तिघांनी ते मला पाठवलं. तिघांना तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा.

चित्रातली नोट खरी आहे, हामेल्न गावची. आपण त्याला इंग्रजी वळणाने हॅमेलिन म्हणतो. पण ती त्या कहराची नाही. बहुतेक जणांची इथेच गल्लत होते. नोटगेल्ड म्हटलं की सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. (यातला जर्मन 'नोट' म्हणजे आपली नोट नव्हे, तर नड, निकड. नोटगेल्ड म्हणजे सरळ मराठीत नडीचा पैसा.) त्या पोत्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली नड सुट्ट्यांची. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि लोकांनी सोन्याचांदीची नाणी घरात दडवली. पुढे तांबं आणि निकेल दारूगोळ्याकडे वळलं. बाजारात मोड मिळेना. मग नगरपालिका, जिल्हे, कारखाने यांनी १०, २५, ५० फेनिगच्या (शंभर फेनिगांचा एक मार्क) चिठ्ठ्या छापल्या, कुठे जस्ताची नि लोखंडाची नाणी पाडली. १९१८ च्या शरदात तर खुद्द राइशबँकेनेच, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, शहरांना मोठ्या रकमेच्या नोटा काढायची गळ घातली, कारण तिच्या नोटा पुरत नव्हत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे या रंगीत मालिका. गावोगावच्या चिठ्ठ्या जमवणारे शौकीन वाढले आणि गावांच्या लक्षात आलं की जी नोट अल्बममध्ये जाते ती कधीच परत येत नाही, तिचे पैसे कधीच द्यावे लागत नाहीत. मग काय, चित्रकार लावून सहा-सहा, आठ-आठ नोटांच्या मालिका निघाल्या. हामेल्नने बासरीवाला घेतला, एरफुर्टने मार्टिन ल्यूथर. नाउमबुर्गने आपल्या चेरीच्या जत्रेची कथा काळ्या सावल्यांच्या चित्रांत सांगितली, ती वाल्टर हेगेने काढलेली. श्लेस्विग भागातल्या गावांनी १९२० च्या सार्वमतावर नोटा काढल्या, डेन्मार्कमध्ये जायचं की जर्मनीत राहायचं यावर. यांतल्या कित्येक नोटा कुणाच्या खिशात गेल्याच नाहीत. काहींची मुदत तर छापून यायच्या आधीच संपलेली असे. १७ जुलै १९२२ च्या कायद्याने सरकारने हा प्रकार थांबवला.

तिसरी गोष्ट १९२३ ची. ही मात्र दिसायला अगदी सामान्य आहे.

माझ्यासमोर आत्ता अशी एक नोट आहे. रुर खोऱ्यातल्या एका शहराची, पाच अब्ज मार्कांची, तारीख ऑक्टोबर १९२३ च्या मध्यावरची. कागद वर्तमानपत्राच्या कागदाहून थोडा बरा, आता तपकिरी पडलेला. वर मोठ्या अक्षरांत 'गुटशाइन', म्हणजे देय चिठ्ठी. खाली एवढंच, की ही चिठ्ठी जमा करणाऱ्याला शहराचा खजिना इतकी रक्कम देईल आणि ती कधी बाद होणार ते स्थानिक वर्तमानपत्रांतून कळवण्यात येईल. महापौराची छापील सही. यंत्राने मारलेला, थोडा तिरका गेलेला लाल क्रमांक. मधोमध घडी, आणि घडीवर कागद इतका विरलाय की उजेडात धरला की पलीकडचं दिसतं. मागची बाजू कोरी. दोन्हीकडून छापायला वेळच नव्हता.

या नोटेचं आयुष्य मी कोष्टक घेऊन काढून पाहिलं. युद्धाआधी एका डॉलरला ४ मार्क २० फेनिग पडत. १५ ऑक्टोबर १९२३ ला डॉलर साधारण पावणेचार अब्जांवर होता, म्हणजे ही नोट एका डॉलरहून थोडी जास्त मोलाची. १ नोव्हेंबरला डॉलर १३० अब्ज, म्हणजे एका डॉलरला अशा २६ नोटा. आणि २० नोव्हेंबरला ४.२ लाख कोटी, म्हणजे ८४० नोटा. पाच आठवड्यांत एवढं झालं. त्याच नोव्हेंबरात बर्लिनमध्ये पावाचा लोफ सुमारे २०० अब्जांना होता, तेव्हा एका पावासाठी यातल्या ४० मोजायच्या.

ही विरलेली घडी मला बासरीवाल्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. ही नोट कुणीतरी कमावली, कुणीतरी धावत जाऊन खर्च केली.

एक मदत हवी आहे. कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चार-पाच ओळी लिहिल्या आहेत. जुन्या जर्मन वळणाचं अक्षर, मला एकही शब्द लागत नाही. खाली फोटो देतोय. कुणाला वाचता आलं तर सांगा.

पाटीपेन्सिल

गावशीव, सुरेख धागा. मी शाळेत इतिहास शिकवते. पुस्तकात हातगाडीभर नोटांचं चित्र असतं, त्यापलीकडे आम्हीही फारसं जात नाही. मुलं दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतात आणि माझ्याकडे धड उत्तर नसतं, तो तुम्हाला विचारते. नगरपालिकेने कागद छापला तर वाणी तो घेतो कशाला? देशाच्या बँकेवर भरवसा उरला नाही, मग गावावर कसा?

गावशीव

पाटीपेन्सिलताई, प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे.

कागदावरचा नियम असा, की शहराने किंवा कारखान्याने वित्त मंत्रालयाची परवानगी घ्यायची आणि छापलेल्या रकमेइतकं तारण जमा ठेवायचं. १९२३ च्या उन्हाळ्यानंतर किती जणांनी तो पाळला हा वेगळा भाग, विनापरवाना छपाई उघड चालली होती.

पण वाण्याने नोट घेतली ती तारणाकडे बघून नव्हे. शुक्रवारी कामगारांचा पगार करायचा, राइशबँकेच्या शाखेत नोटाच नाहीत. बँक काही हात जोडून बसली नव्हती. शेवटी शेवटी तिच्या कामाला १३३ छापखाने आणि १,७८३ यंत्रं जुंपलेली होती. जुन्या १,००० मार्कांच्या नोटेवर आडवा लाल शिक्का मारून तिचे एक अब्ज केले. तरीही पुरेना, कारण छापून गाडीत भरेपर्यंत भाव दुप्पट झालेले. अशा वेळी गावातल्या गावात छापलेली चिठ्ठी हाच उपाय होता. वाण्याला माहीत होतं की याच चिठ्ठीने त्याला पाण्याचं, गॅसचं बिल आणि पालिकेचा कर भरता येणार आहे. खजिन्याची इमारत त्याच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर. शिवाय राइशबँकही बराच काळ या नोटा भरण्यात घेत होती. म्हणजे भरवसा म्हणाल तर तो दोन दिवसांपुरता लागायचा, आणि तेवढा गावावर होता.

रुरमध्ये नड आणखी तीव्र होती. ११ जानेवारी १९२३ ला फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य आत आलं, खाणी आणि कारखाने थंड पडले, आणि संपावरच्या लाखो माणसांचे पगार सरकारने चालू ठेवले. त्यात वाटेवरची रोकड फ्रेंच सैन्य जप्त करी. मग तिथल्या शहरांनी छापायचं नाही तर काय करायचं?

हिशेबी

धागा चांगला आहे, पण एका बाबतीत मतभेद नोंदवतो. गावशीव, तुमच्या लिहिण्यात या शहरांबद्दल जिव्हाळा आहे, आणि त्या भरात दुसरी बाजू निसटते. पाच हजारांहून जास्त ठिकाणांहून १९२३ मध्ये हा कागद निघाला. क्रुप आणि बायरसारखे कारखाने होते, रेल्वे होती. छापणाऱ्याला छापण्याचा खर्च फक्त कागद नि शाईचा. आज छापायचं, आज माल किंवा श्रम घ्यायचे, आणि परत घ्यायची वेळ येईल तेव्हा त्या रकमेत काडेपेटीही येणार नाही. हा नफाच झाला. आणि त्या प्रत्येक कागदाने भाव आणखी वर ढकलले. कामगाराला मिळालेला कागद संध्याकाळी निम्म्यावर. नडीचा पैसा खरा, पण नड कुणाची भागली तेही बघायला हवं.

गावशीव

हिशेबी, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. कारखान्यांच्या बाबतीत तर पूर्ण मान्य.

फक्त क्रम लक्षात घ्या. महागाई शहरांनी सुरू केली नाही. युद्धाचा खर्च करांऐवजी कर्जातून भागवला, ती सुरुवात. मग युद्धाच्या नुकसानभरपाईचा बोजा, वर्षानुवर्षांची सरकारी तूट, ती भरायला राइशबँक हुंड्या घेऊन नोटा देत राहिली, आणि त्यावर रुरचा संप. १९२३ च्या जानेवारीत डॉलर सरासरी १८ हजार मार्कांच्या आसपास होता, ऑगस्टमध्ये ४६ लाखांवर. शहरांच्या कागदाचा मोठा लोंढा त्यानंतर आला. आगीत तेल त्यांनी ओतलं, हे खरंच.

आणि थांबवलं तेही याच टोकाने. १५ नोव्हेंबर १९२३ ला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, एक लाख कोटी कागदी मार्कांना एक रेंटेनमार्क. चलन आयुक्त झालेल्या यालमार शाख्तने त्याच महिन्याच्या उत्तरार्धात ठरवलं, की राइशबँक यापुढे नडीच्या नोटा घेणार नाही. ऱ्हाइनकडची शहरं आणि उद्योगपती भयंकर चिडले. पण तो नळ बंद केला नसता तर रेंटेनमार्कही त्याच खड्ड्यात गेला असता असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र सगळ्याच शहरांनी निव्वळ कागद काढला असं नाही. त्या शेवटच्या महिन्यांत 'टिकाऊ मोलाच्या' नोटा निघाल्या, ज्यांवर रक्कम सोन्याच्या मार्कांत आणि शेजारी डॉलरमध्ये लिहिलेली असे. ओल्डेनबुर्गने तर आधीच, १९२२ मध्ये, १२५ किलो राय धान्याच्या भावाला बांधलेली रोखी काढली होती. पैशाचं माप धान्यात! शेतकऱ्याला ते लगेच पटलं असणार.

राईनकाठ

मी गेली अकरा वर्षं जर्मनीत आहे, त्यातली दोन बिलेफेल्डला काढली, म्हणून लिहिते. बिलेफेल्ड हे पूर्वीपासून तागाच्या कापडाचं गाव. तिथल्या शहर बचत बँकेचे संचालक पाउल हांके यांनी नोटा चक्क कापडावर छापल्या. रेशीम, लिनन, मखमल. मी एका प्रदर्शनात काचेआड पाहिल्या. फोटोत कळत नाही, पण समोरून बघताना रेशमाच्या धाग्यावर शाई किंचित पसरलेली दिसते आणि कडेला लेस लावलेली असते. मला क्षणभर पैठणीच्या काठाची आठवण झाली. गावशीव म्हणतात त्या दुसऱ्या पोत्यातल्याच या, मुख्यतः जमवणाऱ्यांसाठी. पण त्यांच्यावरचा मजकूर वाचला तर त्यात भूक आहे, महागाई आहे, साठेबाजांवरचा राग आहे.

ओस्टरवीकने चामड्यावर नोटा काढल्या. सॅक्सनीने मायसेनच्या कारखान्यात चिनी मातीची नाणी करून घेतली, तपकिरी आणि पांढरी. ती मी हातात घेतली आहेत. टेबलावर ठेवली की कपबशीसारखा आवाज येतो.

पेन्सिलीच्या ओळी मलाही लागल्या नाहीत. अक्षर जुन्या शाळेतलं आहे. आमच्या खालच्या मजल्यावर नव्वदीच्या एक आजी राहतात, त्यांना रविवारी दाखवते.

निळीशाई

माझा व्यवसाय अक्षररचनेचा. गावशीव, '१९२३ ची नोट दिसायला सामान्य' या वाक्याला एक अपवाद सुचवते. त्याच वर्षी थ्युरिंगेन राज्याने वायमारच्या बाउहाउस या कला-रचनेच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याकडून नोटा करून घेतल्या. त्याचं नाव हर्बर्ट बायर, वय २३. १० लाख, २० लाख अशा रकमा. वेलबुट्टी नाही, देवदेवता नाहीत, गॉथिक अक्षरं नाहीत. जाड, सरळ, बिनशेपटीची अक्षरं आणि रंगाचे चौकोन, बस्स. घाईत छापायचंय, रकमेतलं शून्य चुकायला नको, दुकानदाराला लांबून वाचता आलं पाहिजे, या गरजांना ते नेमकं उत्तर होतं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रामाणिक नोटा त्या.

पाटीपेन्सिल

उत्तरांबद्दल खूप आभार. शून्यांवरून एक सांगते. जर्मनीत 'मिलिआर्ड' म्हणजे आपलं अब्ज आणि 'बिलिओन' म्हणजे त्याच्या हजारपट, इंग्रजीतलं ट्रिलियन. भाषांतरांत हमखास घोळ होतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांचा क्रम दिलाय : अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि... त्या क्रमाने एक जर्मन बिलिओन म्हणजे बरोबर एक महापद्म. राइशबँकेची सर्वांत मोठी नोट १०० बिलिओन मार्कांची होती ना, फेब्रुवारी १९२४ ची तारीख असलेली? ती एक जलधि. आपल्या जुन्या गणितात त्या आकड्याला शब्द आहे याचं मला नेहमी अप्रूप वाटायचं. आता मुलांना सांगेन की कुठल्याशा देशात त्या शब्दाएवढी नोट खरोखर छापली गेली, आणि तिचे रेंटेनमार्क झाले शंभर.

सुट्टेपैसे

त्याच महायुद्धाने आपल्याकडेही कागद आणला होता हे इथे नोंदवतो. चांदी मिळेना म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटिश सरकारने एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ १९१८ मध्ये दोन रुपये आठ आण्यांची. ती माझ्या आजोबांच्या संग्रहात होती. आणि दुसऱ्या महायुद्धात मोड नाहीशी झाली तेव्हा जुनागढ, मोरवी, सैलाना, बिकानेर अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची लहान कुपनं काढली, एक पैसा, एक आणा अशी. ते अगदी नोटगेल्डचं पहिलं पोतं. फरक एवढाच की आपल्याकडे गोष्ट तिथेच थांबली.

बसचा कंडक्टर तिकिटाच्या मागे 'बाकी ३ रु.' लिहून देतो, तेही मूळ याच जातीचं. उतरायच्या आत वटवलं नाही तर गेलं.

निळीशाई

एक कटू गोष्टही सांगायला हवी, नाहीतर रंगीत मालिकांचं चित्र फारच गोड होतं. त्या नोटांत काही गावांनी उघड ज्यूविरोधी चित्रं छापली आहेत. मध्ययुगीन खोट्या आरोपांची दृश्यं, नाकाडी व्यंगचित्रं. तेही कुणा माथेफिरूच्या पत्रकावर नव्हे, तर गावच्या मुद्रेसह, महापौराच्या सहीनिशी. साल १९२१-२२. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. संग्राहकांच्या यादीत ती 'दुर्मीळ' म्हणून चढ्या भावाने लावतात, ते मला सहन होत नाही.

गावशीव

निळीशाई, बरं झालं लिहिलंत. मीही अशी एक पाहिली आहे, घेतली नाही. गाव आपल्या नोटेवर काय मिरवतं यावरून गावात काय बोलायला चालतं ते कळतं. बासरीवाला मिरवला तसंच हेही.

हिशेबी

जतनाबद्दल कुणी सांगेल का? धागा वाचून घरातलं एक पाकीट उघडलं. त्यात अशा सहा नोटा आहेत, दोन चिकटपट्टीने जोडलेल्या.

गावशीव

चिकटपट्टी स्वतः काढू नका, कागद सोबत येईल. लॅमिनेशन तर अजिबात नको. साध्या पीव्हीसीच्या पाकिटातून काढा, ते कालांतराने चिकट होतं. आम्लरहित कागदात किंवा पॉलिस्टरच्या पाकिटात, सपाट, उन्हापासून लांब ठेवा. घड्या उलगडलेल्या असू द्यात. इस्त्री करायचा मोह होतो, करू नका.

राईनकाठ

गावशीव, आजींना फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा बदलला, खिडकीपाशी नेला आणि एका दमात वाचला. त्यांच्या आईचं अक्षर असंच होतं म्हणे.

ती सामानाची यादी आहे. कागद कोरा मिळाला म्हणून लिहिली असणार. ओळी अशा :

बटाटे, मिळतील तेवढे
कोळशाच्या विटा
काळा दोरा
साबण

पाचवी ओळ खोडलेली आहे. पण पेन्सिल जोरात दाबलेली असल्यामुळे आजींना तीही वाचता आली. कॉफी.